संस्था विसर्जित होते, हिशेब नाही

नागपूरहून वर्ध्याकडे येताना बुटीबोरी, बोरखेडी मागे पडतं आणि जिल्हा बदलतो. मग येतं आपलं सिंदी (रेल्वे). नागपूर इतकं जवळ असल्यानं तिथले सरकारी निर्णय इथं पानठेल्यावरच आधी पोचतात, तेही अर्धवट. त्याच ऐकीव माहितीवर माणसं आयुष्यभराची पुंजी प्लॉटमध्ये घालतात, म्हणून हे निर्णय नीट समजून घ्यायला हवेत.

गैरसमज १ : नागपूर सुधार प्रन्यास केव्हाच बरखास्त झाला.
वस्तुस्थिती : १९३६ च्या कायद्यानं नागपूर शहराच्या विकासासाठी उभा राहिलेला हा प्रन्यास बरखास्त करायला राज्य मंत्रिमंडळानं २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि २०१९ मध्ये तसा निर्णयही घेतला. पुढच्या सरकारनं तो फिरवला. प्रन्यास आजही काम करतो. घोषणा, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि प्रत्यक्ष अंमल या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

गैरसमज २ : संस्था संपली की तिची देणीघेणीही संपतात.
वस्तुस्थिती : प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार प्रन्यास निघाला. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या त्याच्याच योजनांमधून उभ्या राहिल्या. १९३३ मध्ये तो महापालिकेत विलीन झाला आणि त्याच्या जमिनी, भाडेपट्टे, चाळी महापालिकेकडे आल्या. संस्था बुडाली तरी तिच्या मालमत्तेला कुणीतरी धनी लागतोच. म्हणून बरखास्तीची बातमी आली की पाच गोष्टी विचाराव्यात : जमिनी, ठेवी, कर्ज, कर्मचारी आणि कोर्टातले दावे कुणाकडे गेले?

गैरसमज ३ : सिंदीचे प्लॉट ‘एनएमआरडीए’च्या हद्दीत येतात.
वस्तुस्थिती : नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए) २०१७ मध्ये स्थापन झालं. त्याच्याकडे तेव्हा सोपवलेली ७१९ गावं नागपूर जिल्ह्यातली होती. सिंदी वर्धा जिल्ह्यात आहे. नगर परिषदेच्या हद्दीत नियोजन प्राधिकरण नगर परिषदच असते. सिंदीजवळच्या ड्राय पोर्टमुळे इथल्या जमिनीकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. अशा वेळी दलालाच्या रंगीत नकाशापेक्षा नगर परिषदेचा मंजूर विकास आराखडा पाहावा.

गैरसमज ४ : तालुका, जिल्हा आणि मतदारसंघ यांची सीमा एकच.
वस्तुस्थिती : सिंदीचा तालुका सेलू, पण विधानसभा मतदारसंघ हिंगणघाट. लोकसभेला मत वर्ध्यासाठी, आणि त्या मतदारसंघात अमरावती जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे आणि मोर्शी हे विधानसभा मतदारसंघही आहेत. मतदारसंघ परिसीमन आयोग आखतो, महसुली सीमा राज्य सरकार ठरवतं. आमदार हिंगणघाटचा म्हणून कुणाचा सातबारा हिंगणघाटला जात नाही.

गैरसमज ५ : गावानं ठराव केला की जिल्हा बदलतो.
वस्तुस्थिती : ठराव ही मागणी असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार सीमा बदलते ती राज्य सरकारच्या अधिसूचनेनं, आणि त्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. हरकतीची ती मुदत हीच आपली बोलायची वेळ. जनगणनेच्या काळात तर सीमा गोठवलेल्या असतात. खुद्द वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा निघाला. त्याचं ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, १८६६ मध्ये ते वर्ध्याला आलं. सीमा बदलली तरी जमिनीवरचा मालकी हक्क कायम राहतो. बदलतात ती कचेऱ्यांची दारं.

गैरसमज ६ : प्रशासक बसला की नगर परिषदेला जाब विचारता येत नाही.
वस्तुस्थिती : प्रशासकाच्या काळातल्या खर्चाचंही स्थानिक निधी लेखापरीक्षण होतं आणि २००५ चा माहिती अधिकार कायदा त्यालाही लागू असतो. नगर परिषद मुदतीआधी बरखास्त झाली तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी, असं राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं.

संस्था येतील, जातील. नकाशावरच्या रेघाही सरकतील. पण ज्या पैशातून रस्ते झाले, ज्या शेतांवर आरक्षणं पडली, तो पैसा आणि ती शेतं आपल्या लोकांची होती. तेव्हा प्लॉटचा विसार देण्याआधी, बरखास्तीची बातमी पुढे सांगण्याआधी, एक अर्ज लिहावा आणि विचारावं : अधिसूचना कुठे आहे, तारीख कोणती, आणि आता जबाबदार कोण?