पदवी जर्मनीची, मुदत 18 महिन्यांची

जर्मन विद्यापीठाची पदवी मिळाली की युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला नोकरी शोधण्यासाठी 18 महिन्यांचा निवास परवाना मिळू शकतो. या काळात पोटापाण्यासाठी कोणतेही काम करता येते. पण 18 महिने संपल्यावर मुदत वाढवून मिळत नाही. म्हणून नोकरीची तयारी पहिल्या सत्रापासूनच करावी लागते.

शिकत असताना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. मार्च 2024 पूर्वी हे आकडे 120 आणि 240 होते. विद्यापीठातच केलेले साहाय्यकाचे काम या हिशेबात धरत नाहीत. कंपनीत अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘वेर्कश्टुडेंट’ म्हणतात. सत्र चालू असताना हे काम साधारणपणे आठवड्याला 20 तासांपर्यंत असते. हॉटेलातल्या कामाने महिन्याचा खर्च भागतो. अभ्यासाच्या विषयातल्या कामाने त्याशिवाय अनुभवही गाठीला येतो. पदव्युत्तर प्रबंध कंपनीत करण्याचीही तिथे रीत आहे. त्यातून विभागातली माणसे ओळखीची होतात.

अभ्यासक्रम इंग्रजीतून पूर्ण होऊ शकतो, पण बहुतेक कचेऱ्यांचा कारभार जर्मनमधून चालतो. सॉफ्टवेअरच्या काही जागा इंग्रजीवर निभावतात. लहान शहरांतल्या, कुटुंबाच्या मालकीच्या यंत्रनिर्मिती कंपन्यांत तसे क्वचितच चालते. जर्मनीला जाण्याआधीच पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात भाषेच्या दोन-तीन पायऱ्या चढलेल्या विद्यार्थ्याचा तिथला बराच वेळ वाचतो.

नोकरीच्या अर्जासोबत स्वतःचे एक-दोन पानी माहितीपत्रक (सीव्ही), त्या जागेसाठी लिहिलेले पत्र आणि प्रमाणपत्रे जोडतात. जर्मनीतले अनुभवपत्र सहसा हुद्दा आणि तारखांवर थांबत नाही; कामाची प्रत आणि वागणूक यांवरही त्यात शेरा असतो. भारतातल्या नोकरीचे पत्र त्रोटक असेल, तर कामाचा तपशील माहितीपत्रकात नीट मांडावा लागतो.

नोकरी मिळाल्यावर परवाना बदलतो. पदवी मिळून तीन वर्षे झालेली नसतील, तर ‘ब्लू कार्ड’ या परवान्यासाठी वेतनाची अट सौम्य असते: 2025 मध्ये ती वर्षाला सुमारे 43,760 युरो होती, एरवी 48,300. त्याहून कमी वेतन असले तरी पात्रतेनुसारच्या नोकरीवर कुशल कामगाराचा परवाना मिळू शकतो. जर्मन पदवीधराला अशी नोकरी आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी दोन वर्षे चालू राहिल्यावर कायम निवासासाठी अर्ज करता येतो. तिथेही बी-1 पातळीची जर्मन यावी लागते.