गलबत कोणाचं?

ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक आणि न्यू गिनी यांच्यामधली टॉरेस सामुद्रधुनी उथळ आहे, बेटांनी आणि प्रवाळखडकांनी भरलेली आहे, आणि तिथल्या पाण्याला विलक्षण ओढ आहे. 1870च्या सुमारास व्यापारी तिथे शिंपल्यांच्या मागावर आले. बसराई मोत्यांच्या नथी पाहत आलेल्या आपल्यासारख्यांना मोत्याचा धंदा म्हटला की मोतीच दिसतात. या समुद्रात मात्र मोती सापडला तर तो वरकड लाभ, खरा माल शिंपल्याचा. पिंक्टाडा मॅक्सिमा ही जात, वाढली की 20 सेंटिमीटरहून मोठी, आतून रुपेरी आणि जाड. लंडनच्या लिलावात हा शिंपला टनांच्या हिशेबाने विकला जाई आणि त्यातून सदऱ्याची बटणं, चाकूच्या मुठी, जडावाचं सामान तयार होई. या इतिहासाकडे सहसा दोन तऱ्हांनी पाहिलं जातं. कुणाला त्यात उष्ण कटिबंधातलं साहस दिसतं, कुणाला निव्वळ लूट. दोन्हींत तथ्य आहे, तरी माझ्या मते मुख्य प्रश्न त्यांच्या हातून निसटतो. बेटावरच्या माणसाचं आयुष्य कसं जाणार, हे गलबत कोणाच्या मालकीचं आणि त्याची हिशेबाची वही कोणाच्या हाती, यावर ठरत आलं.

आधी काम पाहू. ‘लगर’ म्हणजे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं गलबत. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोराचा आणि पाणी गढूळ, म्हणून भांगाचे दिवस साधायचे. तांब्याचं शिरस्त्राण, कॅनव्हासचा जाड पोशाख आणि शिशाच्या तळाचे बूट घालून पाणबुड्या उतरे. वर खलाशी हातपंप फिरवत राहत. गलबत प्रवाहाबरोबर सरकत जाई आणि त्याच्या ओढीने पाणबुड्याही तळावरून चालत राही. शिंपला वाळूत, शेवाळात, स्पंजाखाली दडलेला असतो. किंचित उघडलेल्या कडेवरून तो ओळखायचा. पिशवी भरली की दोरीला हिसका. जीवनदोरी धरून बसलेल्या साथीदाराचं लक्ष क्षणभर ढळलं, तर खाली माणूस जाई. वर आल्यावर शिंपला सुरीने फोडायचा, घासून साफ करायचा, पेट्यांत भरायचा. जवळचे साठे संपत गेले तशी खोली वाढली आणि डार्नली बेटाजवळच्या खोल पाण्यात कितीतरी पाणबुडे दगावले. खोलवरून झटकन वर आलं की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे जखडतात, लकवा होतो, मृत्यू येतो. टप्प्याटप्प्याने वर यावं, याचं गणित ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी 1908 साली मांडलं. पण पाणबुड्याची कमाई टनावर मोजली जाई, आणि दोरीला लटकून थांबण्यात गेलेल्या वेळात एकही शिंपला हाती लागत नसे. वादळाचं भय वेगळंच. मार्च 1899 मधल्या चक्रीवादळात बाथर्स्ट उपसागरात नांगरलेला ताफा बुडून 300हून अधिक माणसं मेली.

या कामात जपानी पाणबुडे सर्वांत तरबेज ठरले. त्यांतले पुष्कळ वाकायामा प्रांतातले. या सामुद्रधुनीतल्या थर्सडे आयलंडच्या दफनभूमीत सुमारे 700 जपानी विसावले आहेत. पण कौशल्याने मालकी मिळाली नाही. जपान्यांच्या हाती गलबतं जाऊ लागल्याचं दिसताच, ही बेटं ज्याच्या अखत्यारीत होती त्या क्वीन्सलंडने 1898च्या कायद्याने त्यांना नवे परवाने नाकारले. 1901 नंतर गोऱ्या ऑस्ट्रेलियाचं धोरण आलं, तरी हा धंदा त्यातून वगळला गेला. समुद्रतळावर त्यांची माणसं हवी होती, मालकांच्या यादीत त्यांची नावं नको होती.

बेटांवरच्या मूळ रहिवाशांनी दुसरी वाट धरली. फ्रेडरिक वॉकर या मिशनऱ्याने 1904 साली पापुअन इंडस्ट्रीज ही कंपनी काढली. तिच्याकडून बेटवासी हप्त्यांनी गलबतं घेऊ लागले. ही ‘कंपनी बोट’ कुळाची किंवा गावाची असे. तिच्यावर महागडे पंप नसत; उथळ पाण्यात श्वास रोखून बुडी मारायची, ट्रोकस शंख आणि शिंपले काढायचे. कमाई थोडी, पण गलबत आपलं, तांडेल आपला. पुढे सरकारने या बोटी आपल्या देखरेखीखाली घेतल्या. मजुरी संरक्षक अधिकाऱ्याच्या खात्यात जमा होऊ लागली, आणि दुसऱ्या बेटावर जायलाही परवाना लागू लागला.

यावर आक्षेप येतो की देखरेख नसती तर व्यापाऱ्यांनी या माणसांना नागवलं असतं. आक्षेप पोकळ नाही. सुरुवातीच्या वर्षांत माणसं पळवून गलबतांवर जुंपल्याच्या घटना घडल्या आहेत. परंतु करार तपासणं, मजुरी हातात पडते की नाही हे पाहणं म्हणजे संरक्षण. कमावत्या माणसाला स्वतःच्या पैशाचा हिशेब न देणं हे संरक्षणात बसत नाही. जानेवारी 1936 मध्ये बेटवाशांनीच याचं उत्तर दिलं. कंपनी बोटींवरच्या बहुतेकांनी कामाला नकार दिला आणि अनेक बेटांवर हा संप महिनोन्‌महिने टिकला. त्यांची मागणी केवळ दर वाढवण्याची नव्हती. मजुरी आपल्या हाती हवी, बोटी आपल्या ताब्यात हव्यात, रात्रीची संचारबंदी उठावी, असं त्यांचं म्हणणं होतं. अधिकारी बदलला गेला, 1937 साली यॉर्क बेटावर बेटांच्या प्रतिनिधींची परिषद भरली, 1939 साली बेटवाशांसाठी वेगळा कायदा झाला. बोटींवरचा ताबा मात्र पूर्ण सुटला नाही, म्हणून काहीजण संपाला अपयशी म्हणतात. मला ते पटत नाही. विखुरलेल्या बेटांनी एकत्र येऊन हक्क मागण्याची सवय इथे अंगी बाणली, आणि ती या धंद्यापेक्षा जास्त टिकली.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकची बटणं आली आणि शिंपल्याचा बाजार कोसळला. तरुण रेल्वेच्या आणि उसाच्या कामाला मुख्य भूमीवर गेले. त्यांच्यातलाच एक, 1936 साली मेर बेटावर जन्मलेला आणि तरुणपणी शिंपल्यांच्या गलबतांवर राबलेला एडी माबो. त्याच्या नावाच्या खटल्यात 3 जून 1992 रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. समुद्राचा प्रश्न त्यानंतरही उरला होता. सरकारचं म्हणणं असं की मासेमारीच्या परवान्यांचे कायदे आल्यापासून विक्रीसाठी समुद्रातून काही काढण्याचा बेटवाशांचा पारंपरिक हक्क संपला. 7 ऑगस्ट 2013 रोजी त्याच न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. परवान्याचे नियम पाळावे लागतील आणि हा हक्क इतरांना वगळणारा नाही. पण व्यापारासाठी समुद्रातून माल काढण्याचा बेटवाशांचा हक्क शाबूत आहे, असा निकाल त्याने दिला.