विलायती ॲश वृक्षाचा शेंडेमर रोग : परकी बुरशी व बदलतें हवामान

पावसाळा तोंडावर आला म्हणजे आमच्या मंडळाकडे रोपांसंबंधीं पत्रें येऊं लागतात. अमुक जातीचें कलम कोठें मिळेल, दूरच्या प्रांतांतून मागविलेलें रोप आपल्याकडे जगेल काय, बांधावर लवकर वाढणारें झाड कोणतें लावावें, असे प्रश्न त्यांत असतात. रोप निरोगी आहे कीं नाहीं हें कसें पाहावें, असा प्रश्न मात्र क्वचित् येतो. ह्या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यानें युरोपांतील एका थोर वृक्षजातीवर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कसा प्रसंग ओढवला, ती हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. झाड आपल्याकडचें नव्हे. पण त्याच्या हकीकतींतील धडा आपल्या बांधापर्यंत येऊन पोहोंचणारा आहे.

वृक्षाची योग्यता

ॲश ह्या वृक्षास मराठींत नांव नाहीं, कारण तो आमच्या हवेंत होत नाहीं. तथापि तो आमच्या जाई-जुईच्या व पारिजातकाच्या कुळांतला आहे आणि त्याची एक भावकी हिमालयांत 'अंगू' ह्या नांवानें ओळखली जाते. ह्याचें लाकूड चिवट, लवचिक व धक्का सोसणारें असतें. म्हणून कुऱ्हाडी, फावडीं व हातोडे ह्यांचे दांडे, वल्हीं, गाड्यांचे सांगाडे इत्यादि कामांत तिकडील शेतकरी व सुतार ह्या लाकडावर शतकानुशतकें विसंबून राहिले. आमच्याकडे औतकाठीच्या कामांत बाभळीस जो मान आहे, तोच तिकडे ॲशला. आयर्लंडांत हर्लिंग नांवाचा जो राष्ट्रीय खेळ आहे, त्याची काठी पिढ्यान्‌पिढ्या ह्याच झाडाच्या बुंध्यापासून होत आली. आतां हें लाकूड दुर्मिळ झाल्यामुळें बांबूच्या काठ्याही बाजारांत आल्या आहेत. ब्रिटनमध्यें ह्या वृक्षाच्या आश्रयानें राहणाऱ्या सुमारें ९५० जातींच्या जीवांची नोंद झालेली असून त्यांपैकीं चाळीसांहून अधिक जाती ह्याच एका झाडावर सर्वस्वीं अवलंबून आहेत. तेव्हां हें झाड जाणें म्हणजे केवळ लाकडाचा एक प्रकार कमी होणें नव्हे.

रोग आला कोठून ?

सन १९९२ च्या सुमारास पोलंडांतील ॲशचीं झाडें शेंड्याकडून वाळूं लागल्याचें लोकांच्या दृष्टीस पडलें. प्रथम थंडी, अवर्षण, जमिनीचा दोष अशीं नाना कारणें सांगण्यांत आलीं. खरें कारण सांपडावयास चौदा वर्षें लागलीं. सन २००६ मध्यें तादेउश कोवाल्स्की ह्या पोलिश शास्त्रज्ञानें ह्या वाळण्याच्या मुळाशीं असलेल्या बुरशीचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें असा समज झाला कीं, ही युरोपांत पूर्वींपासून ॲशच्या गळलेल्या पानांवर निरुपद्रवीपणें राहणारीच बुरशी असून तीच कांहीं कारणानें बिघडली आहे. परंतु सूक्ष्म तपासणी होतांच ती अगदीं निराळी, दिसण्यांत मात्र जुळ्या बहिणीसारखी, अशी परकी जात ठरली. हल्लीं तिला हायमेनोसायफस फ्रॅक्सिनियस असें शास्त्रीय नांव आहे.

हिचें माहेर पूर्व आशियांत आहे. तेथील मांचुरियन ॲशच्या पानांवर ती राहते. पण त्या झाडाचा व तिचा सहवास फार प्राचीन असल्यामुळें झाडाचें विशेष बिघडत नाहीं. युरोपांतील ॲशचा मात्र तिच्याशीं पूर्वपरिचय नव्हता. येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, बुरशीच्या आनुवंशिक तपासणीवरून युरोपभर पसरलेली सर्व संतति अवघ्या दोन मूळ व्यष्टींपासून झालेली दिसते. दोन व्यष्टी म्हणजे कदाचित् मूठभर पाचोळा; तेवढा एका खंडाचे वृक्ष वाळविण्यास पुरला.

वाऱ्यावर ही बुरशी वर्षास तीस ते सत्तर किलोमीटर वेगानें पसरत गेली. माणसानें तिला त्याहून मोठी मजल मारून दिली. ब्रिटनमध्यें ती प्रथम फेब्रुवारी १९१२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, फेब्रुवारी २०१२ मध्यें, नेदरलँड्‌समधून आलेल्या रोपांवर एका रोपवाटिकेंत आढळली. त्याच वर्षींच्या आक्टोबरांत ती नॉरफोक परगण्यांतील रानांतही सांपडली आणि २९ आक्टोबरला ॲशच्या रोपांच्या आयातीस बंदी झाली. पण तोंवर वेळ टळून गेली होती. ॲश हें झाड ब्रिटनमध्यें आपोआप उगवणारें. भिंतीच्या फटींतूनही त्याचें रोप डोकें वर काढतें. असें असतां तेथील बीं परदेशीं पाठवून, तेथें तें वाढवून, तींच रोपें परत विकत आणण्याची चाल पडली होती. चार पैसे स्वस्त पडत म्हणून घरचें बीं परदेशीं गेलें आणि परत येतांना रोग घेऊन आलें. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर कांहीं बुरशी वाऱ्याबरोबर समुद्रावरूनही आली असावी असें तज्ज्ञ मानतात. तथापि आंतील भागांत तिला नेऊन पोहोंचविण्याचें काम रोपांच्या गाड्यांनीं केलें, ह्यांत शंका नाहीं.

रोग कसा जडतो ?

शरद ऋतूंत ॲशचीं पानें गळतात. रोगट पानांच्या मधल्या शिरा काळ्या पडून पाचोळ्यांत पडून राहतात व त्यांत बुरशी हिंवाळा काढते. पुढील उन्हाळ्यांत, म्हणजे जून ते सप्टेंबरच्या दरम्यान, ह्या काळ्या काड्यांवर दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या पांढऱ्या, देठाच्या वाट्या उगवतात. त्यांतून असंख्य बीजाणु उडून वाऱ्यानें कोंवळ्या पानांवर बसतात. पानावर तपकिरी डाग पडतो, तो देठावाटे डहाळींत उतरतो आणि साल मरते. जेथें डहाळी मोठ्या फांदीस मिळते तेथें मेलेल्या सालीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा चट्टा दिसतो; हीच ओळखण्याची मुख्य खूण. फांदीस वेढा पडला कीं वरचा शेंडा वाळतो. लहान रोप थोड्याच वर्षांत मरतें. मोठें झाड पुष्कळ वर्षें झुंज देतें, दरवर्षीं नवे फुटवे काढतें, आणि शेवटीं अशक्त झाल्यावर मुळांवर दुसऱ्या बुरशीचा हल्ला होऊन पडतें. अशा झाडाचें लाकूड ठिसूळ होत असल्यानें तें तोडणाराच्याही जिवास धोका असतो.

हवामानाचा संबंध

कोणताही रोग पडावयास तीन गोष्टी जुळाव्या लागतात : रोगास बळी पडणारें झाड, रोग करणारा जीव आणि त्या जीवास मानवणारी हवा. पृथ्वीचें हवामान तापत चाललें आहे, तेव्हां झाडांचे सर्वच रोग वाढणार, असें ढोबळ विधान पुष्कळदां ऐकूं येतें. तें तसेंच्या तसें खरें नव्हे. प्रत्येक बुरशीची आवड निराळी असते, हें पुढील तीन उदाहरणांवरून दिसून येईल.

पहिलें उदाहरण ह्याच रोगाचें. ही बुरशी शतमान अंश २०-२२ च्या सुमारास उत्तम वाढते. ३० अंशांपुढें तिची वाढ खुंटते. तिला दमट व सौम्य उन्हाळा हवा. फ्रान्समधील पाहणींत असें आढळलें कीं, जेथें उन्हाळा कडक असतो तेथें रोगाचा जोर कमी राहतो. तसेंच दाट रानांतील झाडांपेक्षां मोकळ्यावर, शेताच्या कडेस एकेकटीं उभीं असलेलीं झाडें अधिक टिकतात. तेव्हां वाढती उष्णता ह्या एका रोगास कांहीं ठिकाणीं आळा घालील. पण त्याच उष्णतेनें व अवर्षणानें झाडाची शक्तिही खचते, हें विसरतां येत नाहीं.

दुसरें उदाहरण मेपल जातीच्या सिकॅमोर झाडाचें. त्याच्या सालीखालीं काजळीसारखी काळी भुकटी धरणारी एक बुरशी उत्तर अमेरिकेंतून आली. लंडनच्या एका उद्यानांत ती सन १९४५ मध्यें आढळली. एरवीं ती झाडांत गुपचूप राहते. परंतु उन्हाळा कडक व कोरडा गेला कीं तहानेनें व्याकुळ झालेल्या झाडावर उसळी घेते. युरोपांत सन २००३ व २०१८ च्या उष्ण उन्हाळ्यांनंतर तिचे उद्रेक झाले. ही भुकटी श्वासावाटे गेल्यानें लांकूडतोड्यांस फुप्फुसाचा विकार होतो, हें आणखी एक संकट.

तिसरें उदाहरण कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचें. तेथें पाइनच्या पानांवर लाल पट्टे पाडणारी बुरशी पूर्वींपासूनच होती आणि मोठीं झाडें तिला दाद देत नसत. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस उन्हाळी पाऊस वाढला. शिवाय मैलोगणती एकाच जातीच्या पाइनची लागवड झालेली होती. त्या दोहोंचा मेळ बसतांच पूर्ण वाढलेलीं झाडेंही मरूं लागलीं. म्हणजे येथें बुरशी परकी नव्हती. ऋतु परका झाला.

कोंकणांतील व गोव्यांतील सुपारीच्या बागाइतदारांस हें निराळें समजावून सांगावयास नको. कोळेरोग किती पडेल हें पावसाच्या एकूण इंचांवर ठरत नाहीं. संततधार, कोंदट हवा व मधून मधून पडणारें ऊन ह्यांच्या पाळीवर तें ठरतें. त्या रोगाच्या जीवास शास्त्रज्ञ आतां खरी बुरशी मानीत नाहींत. तथापि हवेशीं त्याचें वागणें बुरशीसारखेंच आहे. पावसाची पाळी बदलली कीं फवारणीचा जुना मुहूर्त चुकतो, हा अनुभव पुष्कळांचा आहे. तसेंच सन २०२१ मध्यें तेलंगणांत कडुनिंबाचीं झाडें मोठ्या प्रमाणावर शेंड्याकडून वाळलीं, तीही एका बुरशीमुळेंच. ही बुरशी आपल्याच देशांतील आहे. त्या झाडांपैकीं पुष्कळांस पुढें पालवी फुटली, ही समाधानाची गोष्ट होय. तरी ज्या झाडास आम्ही सर्व रोगांचें औषध मानतों त्यासही रोग होतो, एवढें त्यावरून दिसलें.

नुकसान व आशा

ब्रिटनमध्यें शेंकडा ८० पर्यंत ॲश वृक्ष जातील असा अंदाज करण्यांत आला आहे. सन २०१९ मध्यें तेथील संशोधकांनीं ह्या रोगानें शंभर वर्षांत होणाऱ्या नुकसानीचा हिशेब केला, तो सुमारें १,५०० कोटी पौंडांचा भरला. रोपांच्या व्यापारांत जो फायदा झाला असेल, त्याच्याशीं हा आंकडा ताडून पाहावा.

तरी सर्व संपलें असें नव्हे. प्रत्येक रानांत थोडींशीं झाडें रोगास तोंड देऊन हिरवीं राहतात. अशा झाडांचीं कलमें व बीं जमविण्याचें काम अनेक देशांत चाललें आहे. सन २०२५ मध्यें इंग्लंडांतील सरे परगण्यांतील एका रानाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं, रोग आल्यानंतर उगवलेल्या रोपांत जुन्या झाडांपेक्षां प्रतिकारशक्ति किंचित् अधिक आहे. ही शक्ति एखाद्या एकाच जनुकाची नसून हजारों ठिकाणच्या लहान लहान भेदांची मिळून झालेली आहे. म्हणजे निसर्ग निवड करीत आहे. परंतु त्यास निवडावयास पुष्कळ व निरनिराळीं झाडें शिल्लक राहिलीं पाहिजेत.

ह्याच्या उलट झालेली चूक अमेरिकेच्या इतिहासांत नमूद आहे. तेथील चेस्टनट वृक्षांवर आशियांतून आलेल्या बुरशीचा रोग सन १९०४ मध्यें न्यूयॉर्क येथें प्रथम दिसला आणि अर्ध्या शतकांत तीनशें ते चारशें कोटी झाडें गेलीं. रोग येण्यापूर्वींच लाकूड पदरीं पडावें म्हणून पुष्कळ ठिकाणीं निरोगी झाडेंही तोडलीं गेलीं. त्यांत कांहीं काटक झाडें असतील तर तींही गेलीं. आतां तीं शोधावयाचीं कोठें?

आपण काय करावें ?

परदेशांतून झाडें आणण्यावर आपल्याकडे १९१४ च्या कायद्यापासून निर्बंध आहेत व सन २००३ च्या हुकुमानें ते अधिक कडक झाले आहेत. रोगमुक्ततेचा दाखला व परवाना लागतो. प्रवासांतून हौसेनें सामानांत दडवून आणलेली एखादी काडी हा सर्व बंदोबस्त फुकट घालवूं शकते, हें प्रत्येकानें ध्यानांत धरावें. ह्याशिवाय शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातीं पुढील गोष्टी आहेत.

बांधावरच्या व रानांतल्या झाडांचीं रोपें शक्य तों आसपासच्या निरोगी झाडांच्या बियांपासून गांवींच करावीं. दूरचें रोप आणावेंच लागलें, तर तें जुन्या झाडांपासून अलग ठेवून एक पावसाळा त्याच्यावर नजर ठेवावी. पिशवींतील माती व मुळें तपासावीं. एकाच जातीची सलग लागवड करूं नये. मिसळ लागवडींत रोगाची धांव अडते. शेंडा वाळूं लागलेलें झाड दिसल्यास रोगट फांद्या कोरड्या दिवसांत कापून जाळाव्या व जवळच्या कृषि किंवा वनखात्याच्या तज्ज्ञास कळवावें. आणि शेजारचीं झाडें वाळत असतां जें एखादें हिरवें उभें राहील, त्यास मुळींच कुऱ्हाड लावूं नये. त्यावर खूण करून त्याचें बीं धरावें.

शेवटची सूचना आम्ही विशेष आग्रहानें करतों. जोंधळ्याचें बीं राखतांना आपली मायबहीण शेतांतलें चांगलें कणीस अगोदर बाजूला काढते व मग मळणी होऊं देते. झाडांच्या बाबतींत हाच नियम आपण पाळीत नाहीं. येत्या पावसाळ्यांत रोपें मागविण्यापूर्वीं आपल्या शिवारांत एक फेरी मारून कोणतें झाड बीं धरण्यालायक आहे हें वाचकांनीं पाहून ठेवावें, अशी आमची विनंति आहे.