विश्लेषण : सर्वोत्तम जेम्स बाँड कोण? सहा अभिनेत्यांवरून चाहत्यांचे एकमत का होत नाही?

‘डॉक्टर नो’ हा पहिला बाँडपट १९६२ मध्ये आला. तेव्हापासून २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत इऑन प्रॉडक्शन्सच्या २५ चित्रपटांत सहा अभिनेत्यांनी ब्रिटिश गुप्तहेर ००७ साकारला. यांतील खरा बाँड कोण, यावर चाहते आजही हिरिरीने भांडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये या मालिकेचे सर्जनशील नियंत्रण ब्रोकोली कुटुंबाकडून अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे जाणार असल्याचे जाहीर झाले. त्यानंतर सातव्या बाँडच्या चर्चेबरोबर हा जुना वादही नव्याने रंगला. हा वाद नेमका कशावरून आहे आणि तो मिटत का नाही, याचा हा आढावा.

कादंबरीतला बाँड कसा होता?

इयान फ्लेमिंग यांची ‘कॅसिनो रोयाल’ ही पहिली बाँड कादंबरी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या फ्लेमिंग यांनी ती जमैकातील आपल्या घरी लिहिली. नायकाचे नाव त्यांनी वेस्ट इंडिजमधील पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका पक्षितज्ज्ञावरून उचलले. कादंबरीतला बाँड काळ्या केसांचा, उजव्या गालावर व्रण असलेला आणि काहीसा थंड, निर्दय आहे. तो थकतो, घाबरतो आणि आपल्या कामाविषयी त्याला शंकाही येतात. ‘खरा बाँड’ म्हणजे पुस्तकातला की पडद्यावरचा, येथूनच चाहत्यांत दोन तट पडतात.

शॉन कॉनरी यांचे नाव नेहमी पहिले का येते?

कॉनरी पहिले होते, हे त्याचे साधे कारण. एडिनबरातील कामगार कुटुंबातून आलेल्या, एके काळी घरोघरी दूध पोहोचवणाऱ्या या अभिनेत्याविषयी फ्लेमिंग सुरुवातीला साशंक होते. दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी कॉनरी यांना सूट वापरण्यापासून उच्चभ्रू वावरापर्यंत सारे शिकवले. ‘डॉक्टर नो’ गाजल्यावर फ्लेमिंग यांचे मत बदलले आणि १९६४ च्या कादंबरीत त्यांनी बाँडचे वडील स्कॉटिश असल्याचे लिहिले. पडद्यावरच्या अभिनेत्याची छाप मूळ पात्रावर पडली, ती अशी.

‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ आणि ‘गोल्डफिंगर’ हे कॉनरी यांचे चित्रपट आजही मालिकेतील उत्तम चित्रपटांत मोजले जातात. मात्र त्यांतील स्त्रियांशी वागण्याची पद्धत आजच्या प्रेक्षकाला खटकते. ‘गोल्डफिंगर’मध्ये नायिकेचा विरोध झुगारून बाँड जबरदस्ती करतो, तो प्रसंग त्या काळी रोमँटिक म्हणून दाखवला गेला होता. त्यामुळे कॉनरी यांना पहिला क्रमांक देणाऱ्या चाहत्यांनाही आता या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

लेझन्बी यांचा एकच चित्रपट वादात का असतो?

अभिनेता आणि चित्रपट यांची गल्लत कशी होते, याचे हे सर्वात चांगले उदाहरण. ऑस्ट्रेलियन मॉडेल जॉर्ज लेझन्बी यांच्याकडे चॉकलेटच्या जाहिरातीपलीकडे अभिनयाचा फारसा अनुभव नव्हता. बाँडचा काळ संपला, असा सल्ला मिळाल्याने १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस’नंतर त्यांनी भूमिका सोडली. त्या वेळी त्यांच्यावर बरीच टीका झाली. पण बाँडचे लग्न आणि लगेचच पत्नीचा मृत्यू दाखवणारा हा चित्रपट पुढे अनेक चाहत्यांचा लाडका ठरला. चित्रपट उत्तम असेल, तर त्याचे श्रेय नायकाला द्यायचे की नाही, यावर अजूनही दोन मते आहेत.

रॉजर मूर यांच्यावर आक्षेप काय?

मूर यांनी १९७३ ते १९८५ या काळात सात चित्रपट केले. वयाने ते कॉनरी यांच्यापेक्षा मोठे होते आणि ‘अ व्ह्यू टू अ किल’ आला तेव्हा ५७ वर्षांचे होते. त्यांचा बाँड संकटातही भुवई उंचावून विनोद करतो. ‘स्टार वॉर्स’च्या यशानंतर निर्मात्यांनी त्याला ‘मूनरेकर’मधून थेट अवकाशातही पाठवले. पुस्तकनिष्ठ चाहत्यांना हा पोरखेळ वाटतो. तर चुरचुरीत, हलकीफुलकी करमणूक हाच बाँडपटांचा आत्मा आहे, असे मूर यांचे चाहते म्हणतात.

भारतीय प्रेक्षकांचे मूर यांच्याशी वेगळे नाते आहे. १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’चे चित्रीकरण उदयपूरमध्ये झाले. त्यात कबीर बेदी खलनायकाच्या अंगरक्षकाच्या भूमिकेत होते, तर टेनिसपटू विजय अमृतराज बाँडचे सहकारी होते. त्यातला रिक्षांचा पाठलाग अनेकांच्या लक्षात आहे. साप, गारुडी आणि निखाऱ्यांवरून चालणारे साधू असा साचेबद्ध भारत दाखवल्याबद्दल त्यावर टीकाही होते.

डाल्टन यांचे मूल्यमापन का बदलले?

टिमोथी डाल्टन यांनी फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांकडे परत जाऊन बाँड उभा केला. ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ आणि ‘लायसन्स टू किल’ या दोन चित्रपटांतला त्यांचा बाँड रागीट आणि गंभीर आहे. मूर यांच्या थट्टामस्करीला सरावलेल्या प्रेक्षकांना तो कोरडा वाटला. त्यानंतर कायदेशीर वादामुळे मालिका सहा वर्षे थांबली आणि डाल्टन बाहेर पडले. पुढे डॅनियल क्रेग यांचा कठोर बाँड लोकप्रिय झाल्यावर, ‘डाल्टन वीस वर्षे आधी आले’ असा युक्तिवाद सुरू झाला.

ब्रॉस्नन आणि क्रेग यांच्यात चाहते कसे विभागले जातात?

पिअर्स ब्रॉस्नन यांची निवड १९८६ मध्येच होणार होती, पण दूरचित्रवाणी मालिकेच्या करारामुळे ती हुकली. शीतयुद्ध संपल्यावर १९९५ मध्ये ‘गोल्डनआय’ आला आणि जुडी डेंच यांच्या रूपाने बाँडला स्त्री वरिष्ठ मिळाली. त्यावरचा १९९७ चा व्हिडीओ गेमही प्रचंड गाजला. त्या काळात वाढलेल्या अनेकांसाठी बाँड म्हणजे ब्रॉस्ननच. मात्र २००२ च्या ‘डाय अनदर डे’मधील अदृश्य होणाऱ्या मोटारीची भरपूर खिल्ली उडाली.

निर्मात्यांनी मग उलट टोक गाठले. क्रेग यांची निवड २००५ मध्ये जाहीर होताच त्यांचे सोनेरी केस आणि उंची यांवरून गदारोळ झाला. बहिष्काराचे आवाहन करणारे संकेतस्थळही निघाले. पुढच्याच वर्षी ‘कॅसिनो रोयाल’ने बहुतेक टीकाकारांना गप्प केले. २०१२ च्या ‘स्कायफॉल’ने जगभरात १०० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. तरीही क्रेग यांचा बाँड फार दुःखी आहे, त्यात गंमत उरली नाही, ही तक्रार मूर आणि ब्रॉस्नन यांचे चाहते करतातच.

मग वाद मिटत का नाही?

कारण प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी आहे. कुणी कादंबरीशी प्रामाणिकपणा पाहतो, कुणी पडद्यावरचा रुबाब, तर कुणी चित्रपटाचा एकूण दर्जा. लहानपणी पाहिलेला पहिला बाँड मनात घर करतो, तेही वेगळेच. शिवाय हे सहा जण एकाच परीक्षेला बसलेले नाहीत. मूर यांना हलकेपणा आणायचा होता, डाल्टन यांना तो काढायचा होता. आधीच्या बाँडमध्ये प्रेक्षकांना जे जास्त झाले, ते पुढच्यात कमी करण्याकडे निर्मात्यांचा कल राहिला. त्यामुळे अभिनेत्यांची तुलना करताना चाहते खरे तर चित्रपटांच्या त्या त्या काळाचीच तुलना करत असतात.

पुढे काय?

नव्या चित्रपटाचे दिग्दर्शन ‘ड्यून’चे दिग्दर्शक डेनिस व्हिलन्यूव्ह करणार असून लेखनासाठी ‘पीकी ब्लाइंडर्स’चे निर्माते स्टीव्हन नाइट यांचे नाव जाहीर झाले आहे. बाँड श्वेतवर्णीयच असावा का, हा प्रश्न इद्रिस एल्बा यांच्या नावाच्या चर्चेपासून विचारला जातो. तो कोणत्याही वर्णाचा असू शकतो, पण पुरुषच असेल, अशी भूमिका निर्मात्या बार्बरा ब्रोकोली यांनी मांडली होती. आता हा निर्णय त्यांच्या हाती नाही. ‘नो टाइम टू डाय’च्या शेवटी बाँडचा मृत्यू झाल्याने नव्या अभिनेत्याला क्रेग यांची गोष्ट पुढे न्यायची नाही, नव्याने सुरुवात करायची आहे. मात्र त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीनंतरही जेम्स बाँड परत येणार असल्याची नेहमीची पाटी झळकलीच होती.