राजा, राणी आणि किमयागाराची मूस

हीन धातूचे सोने करता येईल आणि त्याच वाटेने आयुष्य वाढवणारे रसायनही हाती लागेल, या आशेवर युरोपातील किमयागारांनी शतकानुशतके भट्ट्या पेटत्या ठेवल्या. परंतु त्यांचे ग्रंथ उघडले, की कृती आणि प्रमाणे यांच्या जोडीने राजाला गिळणारा लांडगा, स्वतःचेच शेपूट तोंडात धरलेला साप, सूर्यावर उभा असलेला राजा आणि चंद्रावर उभी असलेली राणी, किंवा शवपेटीत पडलेला दोन डोक्यांचा एकच देह अशी चित्रे समोर येतात. अठराव्या शतकात रसायनशास्त्राने वजनमापाची शिस्त अंगीकारली आणि ही चित्रे अडगळीत गेली. विसाव्या शतकात ती पुन्हा बाहेर काढली मनोविकारतज्ज्ञांनी.

माणसाच्या जाणिवेखाली नेणिवेचा मोठा प्रदेश असतो आणि स्वप्ने, भ्रम, आजार यांच्या वाटेने तो बोलत असतो, असे मानणाऱ्या विचारपरंपरेला गहन मानसशास्त्र म्हणतात. व्हिएन्नातील हर्बर्ट सिलबरर यांनी 1914 मध्येच किमयेच्या एका रूपककथेचे मनोविश्लेषण करून पाहिले होते. मात्र या विषयाला आयुष्याची तीसएक वर्षे दिली ती स्वित्झर्लंडच्या कार्ल गुस्ताव युंग (1875–1961) यांनी. फ्रॉइड यांच्यापासून 1913 मध्ये दूर झाल्यावर युंग यांना स्वतःच्या मनातील प्रतिमांच्या लोंढ्याला तोंड द्यावे लागले होते, आणि हे सारे केवळ खासगी वेड नाही, याला इतिहासात आधार सापडतो का, याचा शोध ते घेत होते. 1928 मध्ये चीनविद्येचे अभ्यासक रिचर्ड विल्हेल्म यांनी त्यांच्याकडे ‘सोनेरी फुलाचे रहस्य’ या चिनी ग्रंथाचा अनुवाद भाष्यासाठी पाठवला. ध्यानसाधना आणि किमया एकमेकींत मिसळलेल्या त्या ग्रंथाने युंग यांना युरोपातील किमयेकडे वळवले. म्युनिकच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून त्यांनी 1593 चा एक लॅटिन संग्रह मिळवला. सुरुवातीला तो इतका निरर्थक वाटला, की जवळजवळ दोन वर्षे तसाच पडून राहिला. पुढे त्यांनी हजारो संज्ञांचा कोश स्वतःपुरता तयार केला आणि कोणता शब्द कोणकोणत्या संदर्भात येतो ते ताडून पाहत ही भाषा हळूहळू उलगडत नेली.

या परिश्रमांतून त्यांनी मांडलेला सिद्धान्त प्रक्षेपणाच्या कल्पनेवर उभा आहे. स्वतःच्या मनातील, पण स्वतःला ठाऊक नसलेली गोष्ट बाहेरच्या वस्तूत किंवा व्यक्तीत दिसू लागणे म्हणजे प्रक्षेपण. मुशीत नेमके काय घडते आहे, हे किमयागाराला कळत नव्हते, आणि जिथे ज्ञान थांबते तिथे नेणीव आपल्या प्रतिमा भरते. म्हणून पदार्थाचे रूपांतर पाहत असताना तो नकळत आपल्याच मनाच्या रूपांतराचे वर्णन करत राहिला, असे युंग म्हणतात. पदार्थ काळा पडून कुजल्यासारखा होतो ती निग्रेडो म्हणजे काळी अवस्था, त्यानंतर धुऊन शुभ्र होण्याची अल्बेडो आणि शेवटी लाल होण्याची रुबेडो, हा क्रम त्यांना मानसोपचारात ओळखीचा वाटला. माणूस स्वतःबद्दल बाळगत आलेली प्रतिमा तुटते तेव्हा येणारे नैराश्य ही त्यांच्या मते काळी अवस्था होय. आणि मनाच्या दुरावलेल्या बाजू ओळखून त्यांच्यासह एक पूर्ण व्यक्ती होत जाण्याच्या ज्या दीर्घ प्रक्रियेला ते स्वत्वाची घडण मानत, तिचे ध्येय परिसाच्या रूपाने व्यक्त झाले होते. ‘मानसशास्त्र आणि किमया’ (1944) या ग्रंथात त्यांनी एका तरुण शास्त्रज्ञाच्या स्वप्नमालिकेत हीच प्रतीके दाखवली. तो शास्त्रज्ञ म्हणजे पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली होते, हे बऱ्याच काळाने उघड झाले.

सिद्धान्त समजण्यासाठी एक ग्रंथ जवळून पाहणे बरे. 1550 मध्ये फ्रँकफुर्टला छापलेल्या ‘रोझारियुम फिलोझोफोरुम’मध्ये वीस काष्ठचित्रे आहेत आणि त्यांपैकी पहिली दहा घेऊन युंग यांनी 1946 मध्ये उपचारक व रुग्ण यांच्या नात्यावर एक पुस्तक लिहिले. रुग्णाच्या मनातील जुने प्रेम, द्वेष, भीती आणि अपेक्षा उपचारकावर आरोपित होतात, याला भावसंक्रमण म्हणतात. दुसऱ्या चित्रात राजा आणि राणी भरजरी वस्त्रांत समोरासमोर उभे आहेत, पण त्यांनी एकमेकांचा धरलेला हात डावा आहे. उजव्या हातांत फुलांच्या फांद्या आहेत आणि वरून एक कबूतर तिसरी फांदी घेऊन उतरते आहे. डावा हात हा नेणिवेचा, लोकाचाराला मान्य नसलेल्या ओढीचा हात, असे युंग वाचतात. म्हणजे उपचाराची सुरुवात शिष्टाचाराच्या वस्त्रांत होत असली, तरी बंध मात्र अंधाऱ्या बाजूने जुळतो. पुढे वस्त्रे उतरतात, दोघे एकाच कुंडात बसतात, त्यांचे मीलन होते आणि लगेच पुढच्या चित्रात दोघांचा मिळून एकच देह, दोन डोक्यांचा, शवपेटीत निष्प्राण पडलेला दिसतो.

मीलनानंतर अपत्यजन्माऐवजी मृत्यू यावा, ही या चित्रमालिकेतील सर्वांत धाडसी गोष्ट आहे. त्यानंतर लहान मुलाच्या आकृतीत आत्मा देह सोडून ढगांकडे जातो. मागे उरलेल्या प्रेतावर आकाशातून दव पडते. आत्मा परततो आणि अखेर पंख असलेला, अर्धा पुरुष व अर्धी स्त्री असा नवा देह उभा राहतो. उपचार चालू असताना एका टप्प्यावर सगळे अर्थहीन वाटू लागते, आधीचा उत्साह मावळतो, रुग्ण आणि उपचारक दोघेही दिशा हरवल्यासारखे होतात. अशा वेळी हे अपयश आहे असे समजून घाई करू नये, हा धीर युंग यांना या शवपेटीच्या चित्रातून मिळाला. मृत्यूला मालिकेच्या शेवटी न ठेवता मधोमध ठेवणारी ही दृष्टीच किमयेच्या प्रतीकांचे मानसशास्त्राला मिळालेले खरे देणे होय, आणि तिचे मोल युंग यांचा इतिहासविषयक दावा टिकतो की नाही यावर अवलंबून नाही.

हा दावा मात्र तपासला गेला पाहिजे, आणि तो तपासला गेला आहे. मिखाएल मायर यांच्या 1617 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘अटलांटा फुगिएन्स’मधील पन्नास चित्रांपैकी चोविसाव्यात लांडगा राजाला खातो, मग लांडग्याला जाळतात आणि राजा जिवंत होऊन चालू लागतो. मनोविश्लेषकाला इथे भुकेल्या वासनेने गिळलेली आणि अग्निपरीक्षेतून सुटलेली जाणीव दिसेल. पण राजा म्हणजे सोने आणि लांडगा म्हणजे स्टिब्नाइट, अर्थात सुरम्याच्या जातीचे अँटिमनी व गंधकाचे खनिज, असे धरले, तर ही सोने शुद्ध करण्याची चोख कृती ठरते: भेसळीचे सोने त्या खनिजाबरोबर वितळवले, की गंधक तांबे-चांदीला ओढून घेतो, सोने अँटिमनीसह तळाशी बसते आणि तीव्र आचेवर अँटिमनी उडून जाऊन शुद्ध सोने उरते. लॉरेन्स प्रिन्सिपे आणि विल्यम न्यूमन या इतिहासकारांनी असे दाखले देऊन दाखवले, की ही चित्रे बहुधा व्यवसायाचे गुपित राखणारी सांकेतिक भाषा होती आणि तिच्यामागे खरे प्रयोग होते. प्रिन्सिपे यांनी जुन्या कृती प्रयोगशाळेत करून पाहिल्या, तेव्हा बंद काचपात्रात सोने आणि विशिष्ट रीतीने सिद्ध केलेला पारा यांतून झाडासारख्या फांद्या फुटल्या. ज्या ‘तत्त्वज्ञांच्या वृक्षा’ला केवळ मनातील प्रतिमा मानले गेले होते, तो प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणारा होता. किमयागार आपल्या पदार्थाविषयी अंधारात होता, हे युंग यांचे गृहीतक यामुळे बरेच दुबळे होते. तरीही राजा, लांडगा आणि मृत्यू याच रूपकांची निवड का झाली, हा प्रश्न रसायनशास्त्राने सुटत नाही, आणि तिथे युंग यांचे वाचन अजून उपयोगी पडते.

भारतीय रसशास्त्राशी ओळख असलेल्या वाचकाला काळ्यातून लालाकडे जाणारा हा प्रवास नवा वाटणार नाही. पारा आणि गंधक खलात घोटले, की काजळासारखी काळी कज्जली तयार होते. ती कापडमाती केलेल्या काचकुपीत भरून वालुकायंत्रात, म्हणजे वाळूच्या भांड्यात, तापवली आणि गंधकाचा धूर सरल्यावर कुपीचे तोंड बंद केले, की गळ्याशी लाल रससिंदूर जमतो. आपल्या परंपरेत पारद शिवाचे आणि गंधक पार्वतीचे तत्त्व मानले जाते, म्हणजे इथेही मुशीत एक दांपत्य आहे. युंग यांचे लेखन मात्र मुख्यतः लॅटिन व ग्रीक ग्रंथांवर उभे आहे. कलकत्त्यातील भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने 1937–38 च्या हिवाळ्यात ते भारतात आले, तेव्हाही त्यांच्या सामानात 1602 चा ‘थिएट्रम केमिकुम’चा पहिला खंड होता आणि प्रवासात त्यांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचून काढला.

त्या खंडात सोळाव्या शतकातील गेरहार्ड डोर्न यांचे प्रमुख लेखन आहे, आणि वयाच्या ऐंशीच्या सुमारास, 1955–56 मध्ये, युंग यांनी पूर्ण केलेल्या ‘मिस्टेरियुम कोनियुंक्तियोनिस’ या अखेरच्या मोठ्या ग्रंथाची सांगता डोर्न यांच्याच विचाराने होते. रोझारियुममधील अर्धनर-अर्धनारी देह त्यांना समाधानकारक वाटला नव्हता. एवढ्या खटाटोपाचे फळ असे विचित्र का, हे त्यांना सतावत होते. डोर्न यांनी मीलनाचे तीन टप्पे सांगितले आहेत: पहिल्यात मन देहाच्या आवेगांपासून अलग होऊन स्वतःला ओळखते, दुसऱ्यात ते ओळखलेले मन पुन्हा देहाशी जोडले जाते, तिसऱ्यात अशा सांधलेल्या माणसाचे साऱ्या विश्वाच्या मुळाशी असलेल्या एकत्वाशी नाते जुळते. मानसोपचार बहुतेक वेळा पहिल्या टप्प्याशी थांबतो, कारण आपले दोष आणि वेडेपणा कळणे हीच मोठी कमाई वाटते. पण कळलेले वागण्यात, नात्यांत आणि रोजच्या कामात उतरवण्याचा दुसरा टप्पा अधिक कठीण आहे, असे युंग यांना दिसत होते. डोर्न त्यासाठी मध, काही वनस्पती आणि द्राक्षाच्या टाकाऊ साक्यापासून काढलेला अर्क एकत्र करण्याची कृती देतात, आणि युंग त्या कृतीतील एकेका द्रव्याचा अर्थ लावत पाने भरतात.