महाकालावर काय ओतायचं, डोळ्यात काय घालायचं

पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना महाकालाच्या दर्शनाला नेलं की एक प्रश्न हमखास येतो. "पूर्वी आम्ही स्वतःच्या हाताने पंचामृत चोळायचो, आता का चालत नाही?" उज्जैनकरांचं ठरलेलं उत्तर असतं, "कोर्टाचा आदेश आहे." ते खरंच आहे, पण त्या आदेशामागे जे रसायनशास्त्र आहे ते आपल्या घरातल्या औषधांच्या कपाटातही आहे. म्हणून हा लेख.

राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात हे मंदिर पुन्हा उभारलं, हे आपल्यापैकी अनेकांनी आजोबांकडून ऐकलं असेल. अलीकडच्या काळात तिथल्या शिवलिंगाची झीज होते आहे, या तक्रारीची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पुरातत्त्व सर्वेक्षण आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण या दोन्ही खात्यांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये मंदिर समितीने न्यायालयापुढे आपले नियम ठेवले. अभिषेकाला आरओचं पाणी, तेही एका भाविकाला जास्तीत जास्त अर्धा लिटर. दूध किंवा पंचामृत सव्वा लिटरपर्यंत. साखरेची भुकटी चोळायची नाही. भस्म आरतीच्या वेळी लिंग कोरड्या सुती कापडाने पूर्ण झाकायचं. संध्याकाळी पाचनंतर फक्त कोरडी पूजा. पुढे १ सप्टेंबर २०२० ला न्या. अरुण मिश्रा, न्या. भूषण गवई आणि न्या. कृष्ण मुरारी यांच्या पीठाने निकाल दिला: भाविकांनी लिंग चोळायचं नाही, दही-तूप-मध लावायचं नाही, शुद्ध दूध मात्र वाहता येईल.

साखरेचे कण दगडावर घासले तर दगड झिजतो, हे कळायला विज्ञान लागत नाही. उरलेल्या नियमांसाठी थोडं लागतं.

माझी मावसबहीण बी.फार्म. झाली आहे. तिच्या प्रॅक्टिकलच्या वहीत पहिलाच प्रयोग पीएच मोजण्याचा होता. ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनला, कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने काढली. सात म्हणजे तटस्थ, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. फसवणारी गोष्ट अशी की प्रत्येक पायरी दहापटीची आहे. दह्याचा पीएच साडेचार धरला तर ते तटस्थ पाण्यापेक्षा अडीचच पायऱ्या खाली असतं, पण आम्लता सुमारे तीनशेपट. मधही चारच्या आसपास, म्हणजे दह्याच्याच गटातला. ताजं दूध मात्र साडेसहाच्या थोडं वर, सातच्या अगदी जवळ. भस्म उलट्या टोकाला. ओली राख चांगलीच अल्कली असते. हळदीत कालवून बघा, हळद लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या आपल्या पणज्या हाच पीएचचा कागद वापरत होत्या.

प्रयोगशाळेत हळदीवर भागत नाही. तिथे काचेचा इलेक्ट्रोड द्रावणात बुडवतात आणि त्यातला विजेचा दाब मोजतात. २५ अंश तापमानाला एका पायरीमागे सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. यंत्र दर वेळी आधी ४, ७ आणि १० अशा माहीत असलेल्या द्रावणांवर पडताळून घ्यावं लागतं. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हे फार आवडलं: उत्तर आधीच ठाऊक असलेले टेस्ट केस चालवल्याशिवाय नव्या उत्तरावर विश्वास नाही. (घरी आरओवाला येऊन जे पेनासारखं यंत्र पाण्यात बुडवतो ते टीडीएसचं. विरघळलेले क्षार किती, एवढंच ते सांगतं. त्यावरून पाणी आम्ल की अल्कली हे कळत नाही.)

ती पडताळणीची द्रावणं म्हणजेच बफर. बफर म्हणजे आम्ल किंवा अल्कली घातलं तरी आपला पीएच सहज न सोडणारं द्रावण. आरओच्या पाण्यात क्षार फारसे नसतात, त्यामुळे ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सहाच्या आसपास किंवा खालीही उतरतं. ऐकायला आम्ल वाटतं, पण त्याच्या खिशात काही नसतं. चिमूटभर सोडा टाकला की पीएच उडी मारून वर जातो. दह्याचं तसं नाही. त्यात लॅक्टिक आम्लाचा साठा असतो. थोडं निष्प्रभ केलं तरी मागे बरंच शिल्लक राहतं. म्हणून नुसता पीएचचा आकडा पाहून चालत नाही. साठा किती, किती ओतलं आणि किती वेळ टेकून राहिलं, हेही बघावं लागतं. आजी कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात कढी ठेवू देत नसे, त्यातही आंबटपणाइतकाच वेळेचा हिशेब होता.

आता दगडाची बाजू. आपल्या रक्तात बायकार्बोनेटचा बफर आहे, म्हणून लिंबू सरबत पिऊनही रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. दगडाकडे असं काही नाही. त्यात चुन्याचा अंश असेल तर आम्लाला तो उत्तर देतो, पण स्वतः विरघळून. रक्त गमावलेला बफर पुन्हा तयार करतं. दगडाला ते जमत नाही. त्यात रोजचे शेकडो भाविक धरा. मला तर अर्ध्या लिटरचा आणि सव्वा लिटरचा तो नियम औषधाच्या डोससारखा वाटतो.

औषध बनवणारे हाच विचार डोळ्यांच्या बाबतीत करतात. अश्रूंचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. मग सगळे ड्रॉप्स ७.४ चेच का नसतात? काही औषधं त्या पीएचला टिकत नाहीत. काचबिंदूवर दिलं जाणारं पायलोकार्पिन आम्ल द्रावणात टिकतं, म्हणून ते आम्लच ठेवतात, पण त्यातला बफर मुद्दाम कमजोर ठेवतात. थेंब डोळ्यात पडला की अश्रू त्याला लवकर आपल्या पीएचवर आणतात. सलाइनच्या बाटलीचंही असंच: तिचा पीएच बऱ्याचदा साडेपाचच्या आसपास असतो, पण तिच्यात बफर नाही, त्यामुळे रक्त तिला सहज सांभाळून घेतं.

सलाइनमध्ये काटेकोर असतं ते मीठ. एका लिटरला ९ ग्रॅम. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं आणि हरभरे साध्या पाण्यात टाकले की फुगतात, तेच रक्तातल्या पेशींचं होतं. बाहेर मीठ जास्त असेल तर त्या आक्रसतात. नुसतं पाणी असेल तर फुगून फुटतात. ९ ग्रॅमला दोन्ही बाजू समान राहतात, त्या द्रावणाला आयसोटॉनिक म्हणतात. डोळा रक्ताइतका हट्टी नाही, थोडा फरक सोसतो. पण डोळे आले की मध घालण्याचा जो सल्ला आपल्याकडे अजून फिरतो, त्यात आम्ल आहे, रक्ताच्या कैकपट साखर आहे, वर तो निर्जंतुकही नाही. डोळ्याला आग होते ती 'औषध लागू पडतंय' म्हणून होत नाही.

मे महिन्यातल्या उज्जैनात हे गणित सर्वांत जास्त चुकतं ते ओआरएसच्या बाबतीत. आणि २०२८ ला सिंहस्थ आहे, तोही ऐन उन्हाळ्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट साडेवीस ग्रॅमचं असतं: ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९. जुलाबात रक्त आम्लतेकडे झुकतं, ते सावरायला सायट्रेट. हे सगळं एक लिटर पाण्यासाठी आहे. त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण २४५ येतं, रक्ताच्या २९० पेक्षा मुद्दाम थोडं कमी, म्हणजे पाणी आतड्यातून शरीरात जाईल. घाईत तेच पाकीट २०० मिलीच्या पेल्यात ढवळलं तर प्रमाण पाचपट होतं, बाराशेच्या वर. मग आतडं उलट शरीरातलं पाणी ओढून घेतं आणि जुलाब झालेलं मूल आणखी सुकतं. लहान पाकिटंही मिळतात, त्यांचं पाण्याचं माप वेगळं असतं आणि ते पाकिटावर छापलेलं असतं. लिटरचं पाकीट असेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी मोजून घ्यायचं, पाकीट पूर्ण त्यात ओतायचं, चवीसाठी साखर-मीठ काही घालायचं नाही, थोडं थोडं पाजत राहायचं आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं.