गाडीचे दिवे : कोणतं बटण कधी?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण नुकतीच गाडी हातात आलेल्या सगळ्यांच्या कामाचा. विषय आहे गाडीचे दिवे. ऐकताना गाडीत बसला असाल तर एकेक बटण करून बघा. फक्त गाडी उभी हवी हं!

आधी दांडी. मारुती, ह्युंदाई, टाटाच्या बहुतेक गाड्यांत ती स्टिअरिंगच्या उजवीकडे असते. तिचं टोक फिरवलं की आधी पार्किंग लाइट लागतात, मग हेडलाइट. स्कोडा, फोक्सवॅगनमध्ये हेच काम डॅशबोर्डवरचं गोल बटण करतं.

आता अप्पर-डिपर. हेडलाइट चालू असताना दांडी पुढे ढकलली की अप्पर लागतो आणि मीटरमध्ये निळा दिवा दिसतो. हा निळा दिवा लक्षात ठेवा. समोरून गाडी येताना तो दिसत असेल, तर समोरच्याचे डोळे तुम्ही दिपवताय. काही क्षण त्याला रस्ताच दिसत नाही, आणि तो तुमच्याच दिशेने येतोय! दांडी स्वतःकडे ओढून सोडली की नुसता फ्लॅश जातो.

मग अप्पर वापरायचाच नाही का? वापरायचा ना. ऊसाच्या हंगामात मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, अशी ट्रॉली अंधारात उभी असते. रिकाम्या रस्त्यावर ती लांबून दिसायला अप्परच लागतो. समोर उजेड दिसला की लगेच डिपर, गाडी गेली की परत अप्पर. एवढंच.

धुक्यात मात्र उलटं. आंबोली घाटात पावसाळ्यात अप्पर लावला की उजेड धुक्यावर आपटून परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे डिपर आणि फॉग लॅम्प. आणि 'ऑटो'वर विसंबू नका. त्याचा सेन्सर अंधार ओळखतो, धुकं नाही. दिवसा धुकं असेल तर दिवे हाताने लावा. नुसत्या डीआरएलवरही राहू नका, बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढेच लागतात. मागून येणाऱ्याला तुमची गाडी अंधारीच!

पाऊस कोसळायला लागला की अनेकजण हॅझर्ड लावून गाडी चालवतात. चारही इंडिकेटर लुकलुकत असताना तुम्ही कुठे वळताय हे मागच्याला कसं कळणार? हॅझर्ड बंद पडलेल्या किंवा अडचणीत थांबलेल्या गाडीसाठी.

डिकी भरून गावी निघालात की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. 0 ते 3 आकड्यांचं छोटं चाक असेल तर आकडा वाढवा, उजेड खाली येतो.

शेवटी आतला दिवा. बटण मधल्या खुणेवर ठेवा, म्हणजे दार उघडल्यावरच लागेल. रात्री चालवताना तो बंदच हवा, नाहीतर काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतं. आणि चालू राहिला तर? 5 वॅटचा बल्ब तासाला साधारण 0.4 अँपिअर-अवर खातो. छोट्या गाडीची बॅटरी 35 ची. एक रात्र निभावेल, पण तीन दिवस गाडी उभी राहिली की धक्का मारायची तयारी ठेवा.

तर आज रात्री निघाल तेव्हा त्या निळ्या दिव्याकडे लक्ष ठेवा. आणि अप्पर न सोडणारा एखादा मित्र असेल, तर हा एपिसोड त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!